पुरावा सैनिकाकडे मागू नका : आठव्या वेतन आयोगाला खुलं पत्र

प्रति,
माननीय न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई (निवृत्त), अध्यक्षा,
आणि सर्व सदस्य,
आठवा केंद्रीय वेतन आयोग, नवी दिल्ली

विषय : सैन्यदलांतील पेन्शन, अपंगत्व पेन्शन आणि कुटुंब पेन्शन यांच्या पद्धतीत बदल करण्याबाबत

माननीय महोदया आणि सदस्यहो,

सादर नमस्कार.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने आपल्या आयोगाची कार्यकक्षा मंजूर केली. शिफारशी करताना काय काय ध्यानात घ्यायचं हे तीत सांगितलेलं आहे, आणि ज्या पेन्शनसाठी कर्मचारी स्वतः वर्गणी भरत नाही तिच्या खर्चाचा त्यात वेगळा उल्लेख आहे. 1 जानेवारी 2004 पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना एनपीएस, म्हणजे कर्मचाऱ्याच्याही वर्गणीवर चालणारी राष्ट्रीय पेन्शन योजना, लागू झाली; सैन्यदलं तिच्याबाहेर ठेवली गेली. त्यामुळे हा खर्च मोजायला बसलं की नजर आधी सैनिकाकडे जाणार, हे उघड आहे. जाऊ द्या. हिशेब व्हायलाच हवा. तो पुरा व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी सैन्यातून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं जवानांच्या सेवेची दप्तरं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये गेली. आता तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचे आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांचे पेन्शनचे कागद करून देतो. एकच फाइल टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. रक्कम कमी की जास्त, हा पुढचा प्रश्न. त्याच्या आधीचा दोष असा की जी माहिती सरकारच्याच दप्तरात आहे, ती सरकार सैनिकाकडून पुन्हा पुन्हा सिद्ध करून मागतं. आजार नोकरीमुळे झाला हे त्याने सिद्ध करायचं. आपण त्याचीच बायको आहोत हे तिने सिद्ध करायचं. जिवंत आहोत हे दोघांनी दरवर्षी सिद्ध करायचं. हे ओझं आयोगाने सैनिकाच्या डोक्यावरून उतरवून सरकारकडे द्यावं, ही माझी मुख्य मागणी आहे.

आधी आकड्याचं बोलतो. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते आणि त्यांतले 1,60,795 कोटी पेन्शनसाठी. म्हणजे रुपयातले जवळपास 24 पैसे. पेन्शन घेणारे 34 लाखांहून जास्त. दरवर्षी फेब्रुवारीत हा आकडा वर्तमानपत्रांत येतो आणि चर्चा सुरू होते की सैनिकांच्या पेन्शनमुळे शस्त्रांना पैसा उरत नाही. या रकमेत संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांची पेन्शनही धरलेली असते, हे त्या चर्चेत कुणी सांगत नाही. दारूगोळा कारखाने, एमईएस (सैन्याचा बांधकाम विभाग), डेपो, लेखा विभाग अशा ठिकाणी साठाव्या वर्षापर्यंत नोकरी करून निवृत्त झालेली ही माणसं. त्यांचा हक्क मला नाकारायचा नाही, तेही सैन्याचाच भार वाहत होते. पण बोल लागतो तो जवानाला. आयोगाने आपल्या अहवालात हे दोन आकडे वेगळे करून छापावेत. ते काम दिल्लीतल्या लेखा कार्यालयांना अवघड नाही.

आता जवानाच्या वयाचा हिशेब. शिपाई अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होतो आणि पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान घरी येतो. नायक, हवालदार थोडे पुढे जातात, सुभेदार आणखी थोडे. त्याला काढलं जातं ते काम येत नाही म्हणून नव्हे. सैन्य तरुण राहावं असं देशाने ठरवलं आहे म्हणून. असे साधारण साठ हजार लोक दरवर्षी घरी येतात. त्या वयात मुलं पाचवी-सातवीत असतात, आई-बाप थकलेले असतात, घराचं कर्ज डोक्यावर असतं आणि पगार एका रात्रीत अर्धा होतो. समजा मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैन्यसेवेबद्दलच्या जादा वेतनाचे 5,200 धरून शेवटचं वेतन 40,000 आहे. पेन्शन 20,000 बसते. मुलीचं शिक्षण, घराची दुरुस्ती म्हणून बहुतेक जण अर्धी पेन्शन विकतात, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे आधीच उचलतात, आणि मग पुढची पंधरा वर्षं मूळ पेन्शनमधले हाती येतात 10,000 आणि वर महागाई भत्ता. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या कारकुनाशी या माणसाची तुलना करायची तर मधल्या वीस-बावीस वर्षांचा पगारही मांडावा लागेल.

या वीस-बावीस वर्षांवर उपाय माहीत नाही, असंही नाही. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने सांगितलं होतं की जवानाने सात ते दहा वर्षं सैन्यात काढावीत आणि मग त्याला निमलष्करी दलांत घ्यावं. सहाव्या वेतन आयोगाने सांगितलं. सातव्याने पुन्हा सांगितलं. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ यांना शिकवून तयार झालेला माणूस मिळाला असता, त्यांचा प्रशिक्षणाचा खर्च वाचला असता, जवानाला साठीपर्यंत पगार मिळाला असता आणि पेन्शनचा भार वीस वर्षं पुढे गेला असता. कुणाचंच नुकसान नाही अशी सूचना सरकारी कामात क्वचित सापडते. तरी ती दोन मंत्रालयांच्या मध्ये अडकून पडली. संरक्षण मंत्रालयाला माणूस द्यायचा आहे, गृह मंत्रालयाला आपली भरती आणि आपली बढतीची रांग सोडायची नाही. त्यात आता एक गाठ वाढली आहे: निमलष्करी दलांत 2004 नंतर लागलेल्यांना एनपीएस आहे, मग सैन्यातून आलेल्याची आधीची सेवा कशी धरायची? ही गाठ आयोगच सोडवू शकतो, कारण दोन्हीकडचं वेतन आणि पेन्शन आपल्यासमोर आहे. शिफारस तिसऱ्यांदा नुसती लिहू नका. सेवा जोडण्याचं सूत्र, दरवर्षीच्या जागा आणि सुरुवातीची तारीख घालून लिहा.

तोवर काय चालतं तेही सांगतो. केंद्राच्या गट क पदांत माजी सैनिकांना 10 टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये 20 टक्के आरक्षण आहे. महाराष्ट्रात 15 टक्के समांतर आरक्षण आहे. कागदावर हे भरपूर दिसतं. प्रत्यक्षात जागा भरल्या जात नाहीत, 'पात्र उमेदवार मिळाला नाही' असा शेरा पडतो आणि रडार चालवलेला, वायरलेस दुरुस्त केलेला माणूस एमआयडीसीच्या गेटवर बारा तासांची ड्यूटी करतो. त्या कामात कमीपणा नाही. पण ज्याला सरकारने सतरा वर्षं तंत्र शिकवलं, त्याचं शिक्षण कुठल्या सरकारी पदाला लागू पडतं हेही त्यानेच शोधून सिद्ध करायचं, हे मला पटत नाही.

आता अपंगत्व पेन्शन. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे माणसं मोडतात.

नोकरी संपताना रिलीज मेडिकल बोर्ड बसतं. आजार किंवा इजा किती टक्के, आणि ती सैन्यसेवेमुळे झाली किंवा वाढली का, हे बोर्ड ठरवतं. मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्याला अपंगत्व किमान 20 टक्के असावं लागतं आणि सेवेशी संबंध मान्य व्हावा लागतो. माझ्याकडे तोफखान्यातल्या एका गनरची फाइल आली होती. दोन्ही कानांनी ऐकू येणं कमी झालेलं. भरतीच्या वेळचा कागद स्वच्छ, कान उत्तम. मधल्या वर्षांच्या तपासण्यांत ऐकणं उतरत गेल्याची नोंद आहे, सही-शिक्क्यासह. शेवटच्या कागदावर मात्र लिहिलं होतं: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. कारण? इंज्युरी रिपोर्ट नाही. वर्षानुवर्षं तोफेशेजारी उभं राहणाऱ्याचा इंज्युरी रिपोर्ट कुठल्या तारखेचा असणार? एखाद्या दिवशी तो पडला नाही, त्याचं हाड मोडलं नाही. कान रोज थोडे थोडे गेले. माझ्यासमोर बसून तो माझ्या ओठांकडे बघत होता आणि मी काय विचारतो ते मुलगा त्याला पुन्हा मोठ्याने सांगत होता.

कायदा त्याच्या बाजूचा आहे. धरमवीर सिंग प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो नंतर उद्भवला, तर सेवेमुळेच झाला असं धरायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ मुदत पुरी करून निवृत्त होणाऱ्यांनाही मिळाला: 50 टक्क्यांच्या खालचं अपंगत्व 50 धरायचं. रुपयांत सांगायचं तर 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के मिळतात, 50 ला त्याचे निम्मे. वेतन 40,000 असेल तर महिन्याला 6,000. या 6,000 साठी जवान सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जातो, तिथे जिंकतो, आणि मग सरकार वरच्या न्यायालयात जातं. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने स्वतःच्याच जवानांविरुद्धचे हे खटले कमी करायला सांगितलं होतं. तरी अपिलं होत राहिली. साताऱ्या-कोल्हापूरकडचा माणूस मुंबईत वकील देतो, तारखेला जाऊन येतो, पुढची तारीख घेतो. 6,000 पैकी किती यात जातात हे त्याच्या बायकोला विचारावं.

मला दुसरी बाजूही ठाऊक आहे. कॅगने 2023 मध्ये दाखवून दिलं की दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जातं आणि इतर पदांमध्ये 18 टक्क्यांपर्यंत. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब, मधुमेहाची नोंद करून घेणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्यामुळे खऱ्या माणसाकडे संशयाने बघितलं जातं. सप्टेंबर 2023 मध्ये नियम कडक झाले त्यामागे हीच चिंता होती. पण आकडे पुन्हा पाहा. प्रमाण जास्त आहे ते वरच्या पदांत, आणि कडक नियम लागू झाले सगळ्यांना. अधिकारी वकील देऊ शकतो, निवाडे वाचू शकतो. गनरला बोर्डाची प्रत इंग्रजीत मिळते आणि तो ती आमच्याकडे वाचायला आणतो.

यासाठी आयोगाने दोन गोष्टी सुचवाव्यात. सेवेशी संबंध नाकारायचा असेल तर बोर्डाने त्याची वैद्यकीय कारणं सविस्तर लिहावीत. एका ओळीचा नकार ग्राह्य धरू नये. आणि जवान, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) यांच्या बाजूने न्यायाधिकरणाने निकाल दिला की तो विषय तिथेच संपावा. कायद्याचा खरोखर नवा प्रश्न असेल तरच अपील व्हावं, आणि तेही त्याचे पैसे सुरू करून.

कुटुंब पेन्शनच्या फायली याहून वेगळ्या असतात. त्यांत आजार नसतो, नावं असतात. महोदया, आपण मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं न्यायदान केलं आहे, त्यामुळे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. माहेरी ती शालन, सासरी सोनाबाई. जवानाने लग्नानंतर युनिटमध्ये कळवलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे दप्तरी नोंदीचा आदेश, निघाली, शीट रोलवर, म्हणजे त्याच्या सेवानोंदीवर, सोनाबाई लागलं. पुढे आधार कार्ड काढताना गावातल्या माणसाने विचारलं, नाव काय? ती म्हणाली, शालन. घरात सगळे तिला तेच म्हणत होते. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत गेलेल्या अख्ख्या पिढीचा वाढदिवस महाराष्ट्रात 1 जूनला येतो. शाळेतच न गेलेल्या बाईच्या आधारवर 1 जानेवारी येते. आणि रेकॉर्डमध्ये तिसरीच तारीख असते, कारण नवऱ्याने सुट्टीवरून परत गेल्यावर अंदाजाने सांगितलेली.

नवरा जिवंत असेपर्यंत याने काही बिघडत नाही. तो गेल्यावर ती येते, तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी असते. त्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पासबुक, तो युनिफॉर्ममध्ये असलेला दोघांचा फोटो, मृत्यूचा दाखला. पासबुकात दोघांचं जोडखातं आहे. फोटोवर कमांडिंग ऑफिसरची सही आहे. आणि तरी तिला सांगितलं जातं की शालन आणि सोनाबाई एकच हे प्रतिज्ञापत्र करून आणा, ग्रामपंचायतीचा दाखला आणा, राजपत्रात नाव छापून आणा, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून फाइल रेकॉर्डला जाईल, रेकॉर्डहून प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन लेखा विभागाला. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस नियमानेच वागत असतो, आमच्या रेकॉर्ड ऑफिसातही तसंच होतं. पण या सगळ्या काळात तिच्या खात्यात काही येत नाही.

पेन्शन आता संरक्षण खात्याच्या स्पर्श या ऑनलाइन प्रणालीतून थेट मिळते. बँकेच्या चुका कमी झाल्या, कागद घरबसल्या दिसतो, तरुण निवृत्तांना ते सोयीचं आहे, हे मी मनापासून मान्य करतो. मात्र यंत्राला जुळणारं नाव लागतं. एप्रिल 2022 मध्ये वार्षिक ओळख नोंदलेली नाही म्हणून 58 हजारांहून जास्त लोकांची पेन्शन वेळेवर जमा झाली नाही. ओरड झाल्यावर सरकारने एकवेळची सवलत देऊन मे महिन्याच्या सुरुवातीला पैसे सोडले. त्या वेळी सवलत देता आली, तर तीच रीत कायमची का नसावी? हयातीच्या दाखल्याला बोटाचा ठसा लागतो, आणि आयुष्यभर भांगलण केलेल्या बाईच्या बोटावर रेषा उरलेल्या नसतात. आता चेहरा ओळखणारं ॲप आलं आहे, पण त्यासाठी चांगला फोन लागतो आणि तो नातवाबरोबर पुण्याला गेलेला असतो.

म्हणून आयोगाने एवढं लिहावं: पेन्शनर गेल्याची नोंद होताच जोडखात्यातल्या पत्नीला कुटुंब पेन्शन सुरू व्हावी आणि नावाची, तारखेची पडताळणी त्यानंतर सरकारने स्वतः करावी, तिच्या दारात येऊन. ओळख पटत नाही म्हणून पेन्शन थांबवायची असेल तर आधी माणूस घरी जाऊन यावा. जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, तालुक्यांत आमच्यासारख्या संघटना आहेत; मोबदला न घेता हे करायला आम्ही तयार आहोत. आणि साध्या कुटुंब पेन्शनचा दर. सुरुवातीची काही वर्षं वाढीव मिळते, पण नंतर ती शेवटच्या वेतनाच्या 30 टक्क्यांवर येते. वरच्याच उदाहरणात 12,000. जवान आणि जेसीओंच्या विधवांसाठी हा दर वाढवा.

वन रँक वन पेन्शनबद्दल, म्हणजे सारखं पद आणि सारखी सेवा असेल तर निवृत्ती कधीही झाली तरी सारखी पेन्शन या तत्त्वाबद्दल, फार लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये आदेश निघाला, 1 जुलै 2014 पासून लागू झाला, दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. 2019 चा फेरआढावा मंजूर झाला डिसेंबर 2022 मध्ये, आणि थकबाकी सहामाही हप्त्यांनी द्यायचं ठरलं. शेवटी मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारखा आखून द्याव्या लागल्या: कुटुंब पेन्शनर आणि शौर्यपदकविजेते एप्रिलअखेर, सत्तरीच्या पुढचे जूनअखेर, बाकीचे फेब्रुवारी 2024 पर्यंत. ऐंशी वर्षांच्या माणसाला हप्ते देणं योग्य नव्हे, हे सांगायला न्यायालय लागू नये. ठरलेल्या तारखेला फेरआढावा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक महिन्याचं व्याज सरकारने द्यावं, एवढी एक ओळ आयोगाने घातली तरी उशीर थांबेल.

अग्निवीरांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. जून 2022 मध्ये चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. चारांतला फार तर एक कायम होईल, बाकी तिघे साधारण 11.71 लाखांचा एकरकमी सेवानिधी घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना नाही, माजी सैनिक ही ओळखही नाही. चार वर्षांच्या नोकरीला आजन्म पेन्शन द्या, असं मी म्हणत नाही. पण जो ड्यूटीवर मेला किंवा ज्याचा पाय सुरुंगात गेला, त्याच्या बाबतीत सेवेची वर्षं मोजायची कशासाठी? कायम जवान पहिल्या वर्षी गेला तरी त्याच्या घरी आयुष्यभराची पेन्शन जाते. त्याच चौकीवरचा अग्निवीर गेला तर 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवानिधी. एकरकमी पैसा खेड्यातल्या घरात किती टिकतो, तो कोण कोण मागायला येतं, विधवा आणि सासरचे यांच्यात त्यावरून काय होतं, हे मी पाहतो. महिन्याची पेन्शन तिच्या नावावर राहते, तिला ती कुणाला द्यावी लागत नाही. अशा कुटुंबांना कायम सैनिकाच्या कुटुंबाइतकेच लाभ द्यावेत, असं संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही 2024 मध्ये म्हटलं आहे. मृत्यू आणि अपंगत्व या दोन बाबतींत अग्निवीर आणि कायम जवान यांच्यात कोणताही फरक ठेवू नये, आणि आधी गेलेल्यांनाही ते लागू व्हावं, अशी शिफारस आयोगाने करावी.

शेवटी एक विनंती. आयोग दौरे करतो, निवेदनं घेतो, पण ती देणारे बहुतेक वेळा संघटनांचे पदाधिकारी असतात, आणि पदाधिकारी बहुधा अधिकारी वर्गातले. एक बैठक खेड्यात घ्या. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी आपण ऐकून असाल. पहिल्या महायुद्धात या गावचे 46 जण गेले आणि तिथल्या घराघरांतून आजही माणसं फौजेत आहेत. पुण्याहून ते दूर नाही. आधी कळवलंत तर आसपासच्या गावांतल्या विधवा, अपंग जवान आपापल्या पिशव्या घेऊन येतील. मंडपाची, भाषणांची गरज नाही. प्रयागराजचा लेखा विभाग आणि संबंधित रेकॉर्ड ऑफिसेस यांचा एकेक अधिकार असलेला माणूस बरोबर आणा, म्हणजे काही फायली तिथेच निकाली निघतील. कागद लावायला आणि इंग्रजीत सांगायला मी येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार क्लार्क
सातारा जिल्हा